हुंकार देणारे कोण उरले?



गोष्ट सांगायला एक माणूस लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गोष्ट पुढे जायला आणखी एक माणूस लागतो, ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत. तो माणूस म्हणजे हुंकार देणारा. जुन्या काळी आजी गोष्ट सांगायला बसली की आधी विचारायची, "हुं कोण म्हणणार?" दर वाक्याला कोणीतरी 'हुं' म्हणायचे. हुंकार थांबला की आजी ओळखायची, पोर झोपले. मग गोष्ट तिथेच थांबायची आणि दुसऱ्या रात्री तिथूनच उचलली जायची. एवढ्याशा 'हुं'ला आम्ही फार मोठे समजतो. ऐकणाऱ्याचा तो एकच शब्द, पण तो नसेल तर सांगणाऱ्याच्या तोंडचे शंभर शब्द वाया जातात.

आज आपल्या घरांत सांगणारे थोडे उरले आहेत आणि हुंकार देणारे त्याहून थोडे. आमच्या वाशिंदचेच घ्या. कल्याणहून वाशिंदपर्यंत आगगाडी आली १८५५ साली. तेव्हापासून या गावाचे घड्याळ गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. पहाटेची कसारा लोकल पकडून मुंबईला, ठाण्याला, कल्याणला कामावर जायचे, रात्री नऊ-दहाला परत यायचे. बाप येतो तेव्हा मुले झोपलेली, बाप जातो तेव्हाही झोपलेली. आई दिवसभर राबून चुलीपाशी, आता गॅसपाशी, उभी. आजी कोपऱ्यात, आणि मुलांच्या हातात मोबाइल. दोष कोणाला देणार? पोटाची खळगी भरायची तर गाडी पकडावीच लागते. पण यात काय गमावले याचा हिशेब तरी मांडायला हवा. आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमा आणि खर्च दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही.

सातासमुद्रापलीकडची आजी

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. आफ्रिका खंडात झिंबाब्वे नावाचा देश आहे. तेथे शोना भाषा बोलणारा मोठा समाज राहतो. त्यांच्या लोककथेला म्हणतात 'न्गानो' आणि ती सांगणाऱ्याला म्हणतात 'सारुंगानो'. रात्रीची जेवणे झाली की स्वयंपाकाच्या गोल झोपडीत विस्तवाभोवती नातवंडे जमत आणि आजी सुरुवात करी, 'पाइवापो', म्हणजे 'एकदा असे होते'. लगेच सारी मुले एका सुरात उत्तर देत, 'द्झेप्फुंदे'. मग पुढचे वाक्य, पुन्हा उत्तर. मध्ये गाणे आले की आजी ओळ धरी आणि मुले धृपद म्हणत. शेवटी 'गोष्ट सांगणारा इथे थांबला' अशा अर्थाचे ठरलेले वाक्य येई आणि बैठक मोडे. बघा, आपला हुंकार आणि त्यांचे उत्तर यांत काय फरक आहे? भाषा वेगळी, रंग वेगळा, देश वेगळा; पण आजी तीच.

दिवसा गोष्टी सांगू नयेत असाही त्यांच्यात दंडक होता. आपल्या देशातही ठिकठिकाणी म्हणतात की दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. मामा काही वाट चुकत नाही, हे आपण जाणतो. कष्टकऱ्याच्या घरात दिवस कामाचा असतो, ही त्यामागची साधी व्यवहाराची गोष्ट. सुगी संपली, रात्री लांबल्या, की गोष्टींचा हंगाम.

आणि गोष्टी तरी कोणाच्या? शोनांच्या गोष्टींचा नायक आहे ससा. त्याला ते 'त्सुरो' म्हणतात. तो सिंहाला फसवतो, माकडाला चकवतो, हत्तीलाही हातोहात बनवतो. अंगात बळ नाही, पण डोके आहे. मात्र हाच ससा जेव्हा आयते खाऊ पाहतो तेव्हा त्याचीही खोड मोडते. दुष्काळात सारे प्राणी मिळून विहीर खणतात, ससा कामाला येत नाही आणि रात्री चोरून पाणी पितो. शेवटी पाण्यात दबा धरून बसलेले कासव त्याचा पाय धरते. विहिरीच्या पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या तहानलेल्या आपल्या समाजाला ही गोष्ट नव्याने समजावून सांगायला नको. जो खणतो त्याचा पाण्यावर हक्क, एवढे शहाणपण आफ्रिकेतल्या एका निरक्षर आजीलाही होते. आपल्याकडे मात्र १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन जावे लागले.

त्या देशावर १९८० पर्यंत गोऱ्यांचे राज्य होते. स्वातंत्र्याच्या लढ्यात, १९७० च्या दशकात, तेथील खेड्यांत रात्रभर जागरणाच्या सभा होत. त्यांना 'पुंग्वे' म्हणत. गाणी, नाच, भाषणे, पहाटेपर्यंत. जुन्या चालीवर नवा आशय घातलेला. हे वाचताना आम्हांला पुंग्वे आठवत नाही, आम्हांला आंबेडकरी जलसा आठवतो.

जलशाने काय केले?

महार समाजात कलावंतांची कमी कधीच नव्हती. ढोलकी, तुणतुणे, हलगी, गळा, सारे होते. पण त्या कलेला भाकरतुकडा मिळत होता, मान मिळत नव्हता. तमाशाच्या फडात हसवायचे, नाचायचे आणि सकाळी गावकुसाबाहेर परत जायचे. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला आणि पुढे त्याच्या कार्यकर्त्यांनी हाच तमाशाचा साचा घेऊन जलसे उभे केले. त्यानंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. त्यांनी ढोलकी फेकून दिली नाही. त्यांनी त्यातला शृंगार आणि देवादिकांचे स्तवन काढले आणि त्या जागी पाणवठ्याचा, शाळेचा, मेलेले ढोर न ओढण्याचा प्रश्न ठेवला. मडके तेच, पाणी नवे. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत चळवळ पोहोचली ती या वाटेने. पुढे वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून तेच काम गाण्यातून केले.

हा इतिहास आम्ही एवढ्यासाठी सांगतो की आज आपल्यापुढे नेमका हाच प्रश्न आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि आपण घरातले देव्हारे उतरवले. योग्यच केले. म्हसोबा, मरीआई, सटवाई यांचे भय गेले. पोतराजाचा आसूड गेला, जोगवा गेला. त्या कलेच्या गळ्यात भिकेची झोळी होती, ती झोळी फेकून आपण ताठ उभे राहिलो, याचा आम्हांला अभिमान आहे. पण देव्हाऱ्याबरोबर आजीचे तोंडही बंद झाले, हे कोणाच्या लक्षातच आले नाही. आजीला वाटू लागले, आपल्याला येते ते सारे जुने, सारे टाकाऊ. लेक शिकली, सून शिकली, आता यांच्यापुढे आपण काय बोलावे? आणि ती गप्प झाली. अशा गप्प झालेल्या म्हाताऱ्या आम्ही शहापूर-मुरबाडच्या वस्त्यावस्त्यांत पाहिल्या आहेत. विचारले तर म्हणतात, "काय सांगू बाबा, तुमच्या पुस्तकात नाय ते माझ्याजवळ." अहो, पुस्तकात नाही म्हणूनच तर हवे आहे!

कोणती गोष्ट ठेवावी, कोणती टाकावी?

येथे काही वाचक म्हणतील की जुन्या गोष्टींत अंधश्रद्धाच भरलेली आहे, ती मुलांना कशाला? प्रश्न रास्त आहे. चातुर्मासाच्या कहाण्या घ्या. आटपाट नगर असते, तेथे एक गरीब ब्राह्मण असतो, तो वसा घेतो, उतत नाही, मातत नाही आणि त्याला धनसंपत्ती मिळते. त्या आटपाट नगरात महारवाडा कुठे असतो, हे कहाणी सांगत नाही. तेथे कष्टाने कोणाचे भले होत नाही, व्रताने होते. अशी कहाणी आम्ही आमच्या मुलांना सांगणार नाही.

पण सर्वच गोष्टी अशा नसतात. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परत येणारी म्हातारी आठवा. वाटेत वाघ भेटतो, खाऊ का विचारतो. म्हातारी घाबरत नाही, नवस बोलत नाही, देवाचा धावा करत नाही. म्हणते, "आता मी हाडाची काडी आहे, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन येते, मग खा." शोनांच्या सशाची ही सख्खी बहीण शोभावी. अंगात बळ नसलेल्याने डोक्याने जगावे, ही दुबळ्यांची विद्या आहे. ती व्रतवैकल्याची नव्हे. ही गोष्ट टाकून द्याल तर आपलेच धन उकिरड्यावर टाकाल.

आणि काही गोष्टी अशा असतात की त्या टाकायच्याही नसतात आणि होत्या तशा गिळायच्याही नसतात. चिऊ-काऊची गोष्ट प्रत्येक मराठी मूल ऐकते. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे घर शेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दारात भिजत उभा राहतो आणि चिमणी एकेक निमित्त सांगून दार उघडत नाही. आमच्या वस्तीतल्या एका सहा-सात वर्षांच्या मुलीने ही गोष्ट ऐकून आपल्या आजीला विचारले, "आज्जी, त्याचं घर वाहून गेलं तर चिमणीनं त्याला आत का नाय घेतला?" आजीकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही लगेच नव्हते.

विचार करा. कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली भिंत कोणाच्या घराला होती? २६ जुलै २००५ च्या पावसात ठाणे जिल्ह्यात संसार कोणाचे वाहून गेले? मेणाच्या घरातल्यांचे की शेणाच्या घरातल्यांचे? इतकी वर्षे आपली मुले काळ्या, शेणाच्या घरात राहणाऱ्या कावळ्याला हसत आली आणि आपण कोणाला हसतो आहोत हे त्यांना कळले नाही. त्या मुलीला कळले. गोष्ट बंद करून हा प्रश्न सुटत नाही. मुलांना विचारा, "तुम्ही चिमणी असता तर काय केले असते?" आणि पुढची गोष्ट त्यांना सांगू द्या. हुंकाराच्या पुढची पायरी म्हणजे प्रश्न.

जोतीराव फुल्यांनी हेच केले. वामनाने बळीला पाताळात घातला, ही कथा सारा देश भक्तिभावाने ऐकत होता. पण शेतकऱ्याच्या घरातली बाई दिवाळी-दसऱ्याला ओवाळताना म्हणत होती, इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त या म्हणण्यावर बोट ठेवले. ज्याला पाताळात घातले त्याचेच राज्य लोक परत का मागतात? म्हणजे तो आपला राजा असला पाहिजे. पोथीने एक सांगितले, आजीच्या तोंडाने दुसरे जपले. पोथीपेक्षा आजी खरी निघाली. आजीचे तोंड बंद असते तर जोतीरावांना हा पुरावा कोठून मिळाला असता?

धम्मात गोष्ट आहे

आपल्या धम्माला तर गोष्टीचे वावडे कधीच नव्हते. पालि साहित्यात जातककथा ५४७ आहेत. आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या लेण्यांत भिंतीभिंतींवर त्या रंगवलेल्या आहेत. सहा दातांच्या हत्तीची छद्दंत जातकाची गोष्ट दहाव्या आणि सतराव्या लेण्यात आजही पाहायला मिळते. चित्र वाचायला अक्षर लागत नाही. लागतो तो चित्रावर बोट ठेवून सांगणारा.

कोणी म्हणेल, जातकात पूर्वजन्म आहेत आणि बाबासाहेबांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला आहे. बरोबर. म्हणून पूर्वजन्माचे टरफल बाजूला ठेवावे आणि आतला दाणा घ्यावा. दद्दभ जातकाची गोष्ट पाहा. एक ससा बेलाच्या झाडाखाली निजला होता. पिकलेले बेलफळ ताडाच्या पानावर धप्पकन पडले. सशाला वाटले, धरणी फुटली. तो पळत सुटला. त्याला पाहून दुसरा ससा, मग शेकडो ससे, मग हरणे, डुकरे, गवे, वाघ, हत्ती, सारे रान पळू लागले. एका सिंहाने त्यांना अडवले आणि विचारले, "धरणी फुटताना कोणी पाहिली?" हत्ती म्हणाले, सिंहांना ठाऊक. सिंह म्हणाले, वाघांना ठाऊक. असे करीत करीत गोष्ट त्या एका सशापाशी आली. सिंहाने त्याला पाठीवर घेतले, त्या झाडाखाली नेले आणि पडलेले फळ दाखवले. बस्स, एवढीच गोष्ट. 'ऐकले म्हणून मानू नका, तपासून पाहा' हा तथागतांचा उपदेश पाच वर्षांच्या पोराला यापेक्षा सोपा करून कोण सांगेल?

आणि ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून शिकली-सवरली माणसे तांबे घेऊन देवळापुढे रांगा लावून उभी होती. ते निदान हसण्यावारी गेले. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी जे घडले ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेली, गावोगाव भिक्षा मागून जगणारी ती माणसे. एके काळी गावाला गोष्टी आणि गाणी आणून देणारे हेच भटके लोक होते. वासुदेव, गोंधळी, डवरी येत, तेव्हा गाव त्यांना पसाभर धान्य देई. आता ते गावात आले तर पोरे पळवणारे ठरतात. एक खोटी गोष्ट पाच माणसांचे प्राण घेऊन गेली आणि 'कोणी पाहिले?' असे विचारणारा सिंह त्या बाजारात नव्हता.

तेव्हा कोणी असे म्हणू नये की मोबाइलच्या युगात गोष्टींची गरज राहिली नाही. माणूस गोष्टीवाचून राहत नाही. आपण चांगली गोष्ट सांगितली नाही तर कोणीतरी वाईट गोष्ट सांगायला टपलेलाच असतो.

आपल्या आजूबाजूला पाहा

आपल्या परिसरात गोष्टींना तोटा नाही. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना हुतात्मा झाले. भाई कोतवाल हे माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले. वस्तरा चालवणाऱ्याच्या घरातला मुलगा वकील झाला आणि देशासाठी मेला, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक आहे का? वाशिंदहून दोन स्टेशने मुंबईच्या बाजूला टिटवाळा. तेथे जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद झाली. त्या परिषदेहून परतलेल्या वारली माणसांतून वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला, त्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. मुले टिटवाळ्याला गणपतीचे गाव म्हणून ओळखतात. ते वेठबिगारांच्या जागृतीचे गाव आहे, हे कोण सांगणार?

आपले शेजारी वारली बांधव पाहा. त्यांच्या लग्नात भिंतीवर चौक लिहिला जातो आणि धवलेरी बाई गाण्यातून सारी कथा सांगते. तेथे बाईच्या तोंडच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरच्या त्या कथा कागदावर आणल्या, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. आज वारली चित्र शहरात पिशवीवर, कपबशीवर छापून विकले जाते. चित्र विकले गेले, कथा मागे राहिली. हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कथा सांगणाऱ्याचे नाव कसे पुसले जाते, याचे एक जुने उदाहरण देतो. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ साली दख्खनच्या लोककथांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. ते जगभर गाजले. त्या गोष्टी सांगितल्या कोणी? तिच्या आयाने. आना लिबेराता डिसोझा हे तिचे नाव. तिने त्या आपल्या आजीकडून ऐकलेल्या. मेरीने निदान त्या आयाची जीवनकहाणी पुस्तकाच्या आरंभी घातली, एवढा तिचा प्रामाणिकपणा. पण मुखपृष्ठावर नाव लेखणी धरणाराचे राहिले. म्हणून आम्ही म्हणतो, आपली गोष्ट दुसऱ्याने लिहिण्याची वाट पाहू नये.

आपल्या बायांनी ते दाखवून दिले आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांच्या घरी गेल्या, त्यांच्या तोंडून आठवणी ऐकल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. त्या गेल्या नसत्या तर चळवळीत बायका होत्या हेच उद्या कोणी नाकारले असते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी कार्यकर्त्यांच्या साथीने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही आहेत. त्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाया. जाते गिरणीने बंद केले, पण त्यांचा आवाज राहिला. का राहिला? कोणीतरी समोर बसून हुंकार दिला म्हणून.

आणि झिंबाब्वेतही हेच घडते आहे. इग्नेशियस माबासा नावाच्या लेखकाने दक्षिण आफ्रिकेतल्या ऱ्होड्स विद्यापीठातून शोना लोककथांवर डॉक्टरेट मिळवली, २०२१ साली. विशेष हे की त्यांनी प्रबंध इंग्रजीत नव्हे, शोना भाषेत लिहिला. त्या विद्यापीठात शोना भाषेतला तो पहिलाच प्रबंध. आजीची गोष्ट आजीच्या भाषेत विद्यापीठाच्या दारात उभी राहिली. आपल्या मुलांनी हे वाचावे आणि आपल्या बोलीची लाज सोडावी.

मग करायचे काय?

उपदेश करून थांबणे आम्हांला आवडत नाही. करण्यासारखे चार शब्द सांगतो.

पहिले. दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. फार चांगली प्रथा आहे. पण अनेक ठिकाणी एकजण खाली मान घालून भराभर वाचतो आणि बाकीचे जांभया देतात. त्या ग्रंथात बाबासाहेबांनी किती गोष्टी ठेवल्या आहेत! सुनीत भंगी, सोपाक, उपाली न्हावी, चांडालिका प्रकृती, कुष्ठरोगी सुप्रबुद्ध, दरोडेखोर अंगुलिमाल. आपलीच माणसे आहेत ती. पान वाचून झाले की ग्रंथ मिटावा आणि विहारातल्या एखाद्या आजीला म्हणावे, "आता हीच गोष्ट तुम्ही सांगा." किसा गोतमीची गोष्ट ज्या आजीने स्वतःचे मूल मातीत दिले आहे ती जशी सांगेल, तशी कोणी प्राध्यापक सांगू शकणार नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आण, हे वाक्य तिच्या तोंडून ऐका म्हणजे कळेल.

दुसरे. आठवड्यातून एक रात्र गोष्टीची ठेवावी. रविवार बरा. अर्धा तास मोबाइल आणि टीव्ही बंद. ज्या घरात आजी नाही तेथे शेजारची आजी बोलवावी. वस्तीत आजीचा तुटवडा नाही, बोलावणाऱ्यांचा आहे. आणि बापांनीही सांगावे. गोष्ट हे बायकांचे काम, असा कोणी कायदा केलेला नाही.

तिसरे. दोनशे पानी वही आणावी. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापुढे मुलाला बसवावे. देवाधर्माची गोष्ट नको, त्यांचीच गोष्ट विचारावी. तुमच्या लहानपणी पाणी कोठून आणत? येसकराची पाळी कशी असे? शाळेत कोठे बसवत? मेलेले ढोर ओढायचे गावात कधी बंद झाले आणि पहिले 'नाही' कोण म्हणाले? ६ डिसेंबर १९५६ ची बातमी तुमच्या गावात कोणी आणली? घरात चूल पेटली होती का त्या दिवशी? वहीच्या वर सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख घालावी. मोबाइलवर आवाजही धरून ठेवावा. त्या यंत्राला शिव्या देण्यापेक्षा त्याला कामाला लावलेले बरे.

ज्यांनी बाबासाहेबांना डोळ्यांनी पाहिले ती माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. १९५६ साली जे दहा वर्षांचे होते त्यांचीही ऐंशी भरत आली. या वर्षावासात विचारू, पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत विचारू, असे म्हणता म्हणता त्या घरून पुण्यानुमोदनाची पत्रिका येते. मग आपण शोकसभेत उभे राहून म्हणतो, 'ते म्हणजे चालताबोलता इतिहास होते.' चालताबोलता होता तेव्हा आपण कोठे होतो? समोर बसून एकदा 'हुं' म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

चौथे आणि शेवटचे. मुलांनी मध्येच प्रश्न विचारला तर त्यांना गप्प करू नये. 'चिमणीने दार का उघडले नाही' असे विचारणारे मूल उद्या शाळेत विचारील, कचेरीत विचारील, ग्रामपंचायतीत विचारील. गोष्टीत प्रश्न विचारायला शिकलेला माणूस अफवेच्या मागे दगड घेऊन धावत नाही. तो आधी बेलाच्या झाडाखाली जाऊन फळ पाहून येतो.

तर वाचकहो, येत्या रविवारी गाडी नसेल, ड्यूटी नसेल, तर आजीजवळ बसा. नुसते बसू नका, हुंकार द्या. आणि वहीचे पहिले पान भरले की आम्हांला जरूर कळवा.

जयभीम!